अनेक वर्षांच्या दुखण्यानंतर मेंदूचं मोठं ऑपरेशन झालं. दोन महिने उलटले तरी थकवा आणि वेदना का जात नाहीत?

दोन महिने म्हणजे फार थोडे झाले. टाके साधारण 10 ते 14 दिवसांत निघतात, पण कवटीचं हाड जुळायला काही महिने लागतात आणि मेंदूचा थकवा त्याहूनही लांबू शकतो. अर्धा तास बोलून गळून जाणं म्हणजे आळस नव्हे.

वर्षानुवर्षं वेदना सोसलेली मज्जासंस्था अतिसंवेदनशील झालेली असते. मूळ कारण दूर झालं तरी ती काही काळ दुखण्याचे इशारे देत राहते. ते दुखणं खरंच असतं, कुणी ‘मनाचे खेळ’ म्हटलं तर मनावर घेऊ नका.

बरं वाटलेल्या दिवशी सगळी कामं उरकावीशी वाटतात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. म्हणून दमण्याआधीच थांबा. रोज थोडं चाला, झोप सांभाळा. रडू आलं तर येऊ द्या, इतकं सोसलंय तुम्ही.

फिटच्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. ताप, वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, फिट, हातापायांत नवा अशक्तपणा, किंवा जखमेतून वा नाकातून पाण्यासारखा स्राव दिसला तर लगेच हॉस्पिटल गाठा.