काढ्याने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या, मग तोच आईला का देऊ नये?

तुम्ही लिहिलंय की आईंची स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे, आणि त्रिफळा-हळदीच्या अर्काने प्रयोगशाळेत नव्वद टक्के पेशी मेल्याचं कात्रण एका नातेवाइकांनी पाठवलंय. केमो थांबवून तोच अर्क द्यावा का, हा तुमचा प्रश्न.

केमो थांबवू नका. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी याच चाचण्या केल्या आहेत, म्हणून त्या कशा होतात ते सांगते.

स्तनाच्या कॅन्सरसाठी बहुतेक वेळा वापरतात त्या पेशींचं नाव एमसीएफ-७. १९७० साली अमेरिकेतल्या एका रुग्ण ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या घेतल्या आणि आजही जगभर वाढवल्या जातात. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून त्या मिळतात. ९६ खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात काही हजार पेशी सोडायच्या, दोन-तीन दिवस अर्कात ठेवायच्या आणि मग एमटीटी नावाचा पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात. जांभळा फिका, म्हणजे पेशी कमी. पण पेशी मेल्या की नुसत्या मंदावल्या, हे या चाचणीतून कळत नाही.

आणि रंग फसवतो. मी हिरड्याचा अर्क तपासत होते तेव्हा आमच्या मॅडमनी पेशी न घालता काही खण ठेवायला लावले. तेही जांभळे झाले! हिरड्यातली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यं, स्वतःच एमटीटीवर क्रिया करत होती. दोन आठवड्यांची आकडेमोड फेकून द्यावी लागली. तेव्हापासून असा कोणताही निष्कर्ष वाचला की रिकाम्या खणांचं काय झालं, आणि निरोगी पेशींवर तोच अर्क घालून पाहिला का, हे मी आधी शोधते. प्लेटमधल्या पेशी तर मीठ वाढवलं तरी मरतात.

त्याहून मोठी अडचण मात्रेची. प्लेटमध्ये अर्क थेट पेशीवर पडतो. पोटातून घेतलेला आधी आतडं आणि यकृत पार करतो. बंगळूरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये निरोगी माणसांना हळदीतलं मुख्य द्रव्य करक्युमिन दोन ग्रॅम दिलं, तर रक्तात ते सापडलं नाही किंवा अगदी नाममात्र सापडलं. मग गाठीपर्यंत किती पोचणार?

वनस्पतींतून कॅन्सरची औषधं येतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आपल्या नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी सहकारी मन्रो वॉल यांच्यासोबत १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. १९७२ मध्ये भारतीय संशोधकांना तेच सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडलं. (त्यापायी नरक्याची इतकी चोरटी तोड झाली की जंगलात तो बघायला मिळाला तरी आता बरं वाटतं.) पेशींवर कॅम्प्टोथेसिन जबरदस्त चालायचं. माणसांना दिल्यावर मात्र मूत्राशयातून रक्त जायला लागलं, रक्तपेशी घटल्या, आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याच्या रेणूत बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं अमेरिकेत मान्य झाली ती १९९६ मध्ये. तीस वर्षं! तुमच्या कात्रणातला अर्क या वाटेच्या पहिल्या पायरीवर आहे.

जेवणातली हळद चालू राहू द्या. पण हळदीच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोच्या बऱ्याच औषधांचा निचरा यकृतच करतं. आईंनी काही घ्यायला सुरुवात केली असेल तर पुढच्या केमोच्या आधी ती बाटली लेबलसकट डॉक्टरांना दाखवा. वैद्यांकडे जात असाल तर केमोची फाइल त्यांनाही द्या. आईंना लवकर आराम पडो.