शहरासाठी सवलती मागताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उद्योगांना करपरतावा आणि शुल्कमाफी देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेवर मागे लिहिले, त्यानंतर बरीच पत्रे आली. सूर बहुतेकांचा एकच, की आमच्या गावाला डावलले जाते. त्यातले निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न : मोठा उद्योग यावा म्हणून आमच्या महापालिकेनेच सवलती का जाहीर करू नयेत? दर वेळी मुंबईला का धावायचे? (छत्रपती संभाजीनगर)

कारण तिजोरीची किल्ली मुंबईत आहे. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून महापालिकांची भिस्त राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्यावर आहे. हातात उरतात मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्या. एमआयडीसीच्या हद्दीत तर नियोजनाचा अधिकारही एमआयडीसीकडेच. कारखानदार ज्या सवलतींसाठी थांबतो त्या राज्य जीएसटीचा परतावा, वीज शुल्कमाफी आणि मुद्रांक शुल्कमाफी. तिन्ही राज्य सरकारच्या.

या सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातला उद्योग बाहेर पसरावा हा तिचा मूळ हेतू. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या योजनेतही सांगाडा तोच राहिला : तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट, त्यापलीकडे उद्योगविरहित जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग. विकसित ‘अ’ गटाला सर्वांत कमी, आणि तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त. मोठ्या प्रकल्पांचे खास पॅकेज मंत्रिमंडळ उपसमितीत ठरते. म्हणजे शहराच्या हातात उरतो तो पाठपुरावा.

पण पाठपुरावा कशाचा, हे तुमच्याच शहराकडून शिकण्यासारखे आहे. शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक हे नियोजित औद्योगिक शहर उभे राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये लोकार्पण झाले. त्यानंतरही ‘अँकर प्रकल्प (इतरांना ओढून आणणारा मोठा उद्योग) कधी येणार’ हा प्रश्न तुमच्या उद्योजक संघटनांनी सोडला नाही. २०२४ च्या जूनमध्ये विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या एथरने बिडकीनची निवड केली, जुलैत टोयोटा-किर्लोस्करने सुमारे वीस हजार कोटींचा सामंजस्य करार केला. मराठवाड्यातल्या शेजारच्या जिल्ह्यांतही सवलती कमी नाहीत. मग ऑरिकच का? माझ्या मते, जमीन ताब्यात होती, रस्ते, पाणी, वीज प्लॉटच्या तोंडापर्यंत आलेली होती, आणि बजाजचा कारखाना वाळूजला आल्यापासून चार दशकांत तयार झालेले सुटे भागवाले हाकेच्या अंतरावर होते. परताव्याचा टक्का त्यांच्यानंतर येतो.

प्रश्न : वीज महाग म्हणून आमचे फौंड्रीवाले (धातूचे ओतकाम करणारे) कर्नाटकात जाण्याची भाषा अधूनमधून करतात. अशा इशाऱ्याने काही साधते का? (कोल्हापूर)

तुमच्या लोकांचे दुखणे खरे आहे, म्हणून आधी हिशेब मांडतो. विजेवरच्या भट्टीत, म्हणजे इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. युनिटमागे एक रुपयाचा फरक पडला की टनामागे सहाशे रुपये गेले. रोज वीस टन ओतणाऱ्या फौंड्रीला तो दिवसाला बारा हजार रुपयांचा फटका आहे. कागलच्या पंचतारांकित वसाहतीतून कर्नाटकची हद्द काही किलोमीटरवर दिसते, तेव्हा मालकाच्या मनात विचार येणारच.

विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ड, ड+ गटातल्या उद्योगांना २०१६ पासून वीजदरात सवलत मिळाली. कोल्हापूरचे बहुतेक कारखानदार त्या नकाशाबाहेर राहिले. प्रोत्साहन योजनाही मुख्यतः नव्या किंवा विस्तार करणाऱ्या युनिटसाठी आहे. तीस वर्षे इमानेइतबारे धूर सोसणाऱ्या जुन्या फौंड्रीच्या पदरी तिच्यातून फारसे पडत नाही. हे अन्यायाचे आहे असे मी स्पष्ट म्हणेन.

तरीही इशारा एकदाच चालतो. दुसऱ्यांदा दिला आणि कोणी गेले नाही, की मंत्रालयात तुमचा कागद खाली सरकतो. शिवाय विजेचा दर मंत्री ठरवत नाहीत, तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि त्यासाठी जनसुनावणी घेतो. तिथे किती फौंड्रीवाले बिले आणि भट्टीचे लॉगबुक घेऊन उभे राहतात? पन्नास युनिटची बारा महिन्यांची बिले एकत्र करून मांडलेला तक्ता मोर्चापेक्षा भारी पडतो. सरकारकडे अनुदान मागाल तेव्हाही तोच तक्ता कामाला येतो.

प्रश्न : योजनेचे पात्रता प्रमाणपत्र मिळाले, परताव्याचा दावाही मंजूर आहे, पैसे मात्र येत नाहीत. संघटनेने काय करावे? (नाशिक)

परतावा अर्थसंकल्पातल्या तरतुदीतून मिळतो. तरतूद तोकडी पडली की मंजूर दावेही रांगेत थांबतात. तेव्हा शहराने नवी सवलत मागण्याआधी थकलेल्या दाव्यांची एकत्रित यादी करावी : युनिट, मंजुरीची तारीख, रक्कम. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होणाऱ्या जिल्हा उद्योग मित्रच्या, म्हणजे ‘झूम’च्या बैठकीत ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, आणि अधिवेशनात पुरवणी मागण्या येण्याआधी आमदारांच्या हाती द्यावी. नंतर देऊन उपयोग नाही.

प्रश्न : तळेगावचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला गेला, तेव्हा आपण कमी सवलती दिल्या म्हणून गेला का? (पुणे)

वेदान्त-फॉक्सकॉनने १.५४ लाख कोटींचा करार सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातशी केला, तेव्हा मलाही तुमच्याइतकेच वाईट वाटले होते. पण पुढचे पान विसरू नका. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. तो कारखाना तळेगावात झाला नाही आणि गुजरातेतही ठरल्याप्रमाणे झाला नाही.

चिपच्या खेळात पैसा किती लागतो ते साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पावरून कळते. एकूण खर्च पावणेतीन अब्ज डॉलर. त्यातला ५० टक्के केंद्राचा, २० टक्के गुजरातचा. थेट नोकऱ्या जास्तीत जास्त पाच हजार सांगितल्या गेल्या. भागाकार करून पाहा : एका थेट नोकरीमागे तीन कोटी रुपयांहून अधिक सरकारी पैसा. देशाला चिप हव्यात म्हणून केंद्राने तो सोसावा हे मला पटते. पण एखाद्या शहराने रोजगारासाठी म्हणून आपल्या राज्याकडे असा हट्ट धरावा, हे पटत नाही.

प्रश्न : इथे शहरे आणि राज्ये कंपन्यांना अब्जावधी डॉलर देऊ करतात. भारतात तसे मोकळेपणाने का होत नाही? (एडिसन, न्यू जर्सी)

तुमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या नेवार्कचेच घ्या. २०१७ मध्ये ॲमेझॉनने दुसऱ्या मुख्यालयासाठी प्रस्ताव मागवले. २३८ आले. न्यू जर्सी राज्याने पाच आणि नेवार्क शहराने दोन, असे मिळून सात अब्ज डॉलरपर्यंतचे आमिष ठेवले. मेरीलँडने साडेआठ अब्जांपर्यंत तयारी दाखवली. दोघांच्याही हाती काही लागले नाही. न्यू यॉर्क आणि व्हर्जिनियातले आर्लिंग्टन यांची निवड झाली, पण सुमारे तीन अब्जांच्या सवलतींवरून विरोध पेटला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ॲमेझॉनने तिथून माघार घेतली. टिकले आर्लिंग्टन. मेरीलँड नदीच्या पलीकडच्या काठावर, आणि व्हर्जिनियाची रोख सवलत त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती : पंचवीस हजार नोकऱ्यांसाठी ५५ कोटी डॉलर, तेही नोकरी प्रत्यक्ष दिल्यावर, एकीमागे बावीस हजार डॉलर. सोबत संगणकशास्त्राचे पदवीधर वाढवण्यासाठी मोठा खर्च आणि व्हर्जिनिया टेकचे नवे संकुल. कंपनीने उद्या गाशा गुंडाळला तरी ते पदवीधर तिथेच राहतील.

दुसरे उदाहरण विस्कॉन्सिनचे. २०१७ मध्ये फॉक्सकॉनने १३,००० नोकऱ्यांचा शब्द दिला, सवलत सुमारे तीन अब्ज डॉलर. २०२१ मध्ये करार नव्याने झाला तेव्हा नोकऱ्या १,४५४ आणि सवलत आठ कोटी डॉलरपर्यंत. नोकरी झाल्याशिवाय पैसा नाही अशी अट असल्यामुळे राज्य बरेचसे वाचले. माउंट प्लेझंट हे गाव मात्र अडकले, कारण त्याने कर्ज काढून आधीच जमिनी घेतल्या होत्या, रस्ते केले होते, घरे उठवली होती. मोकळेपणापेक्षा अटींचा हा भाग आपण उचलावा असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमचे शिष्टमंडळ उद्योगमंत्र्यांना भेटणार आहे. निवेदन कसे असावे? (लातूर)

एका शहराच्या शिष्टमंडळासोबत मी मंत्रालयात गेलो होतो. शाल, पुष्पगुच्छ, फोटो, आणि तीन पानांत सत्तावीस मागण्या. विमानतळापासून स्मशानभूमीच्या रस्त्यापर्यंत सगळे होते. मंत्र्यांनी वर ‘तपासून सादर करा’ असा शेरा मारला आणि कागद गेला. त्या लोकांनी रात्रभर प्रवास केला होता. मला अजून त्यांची हळहळ वाटते.

तुम्ही तीनच मागण्या न्या. प्रत्येकीखाली चार ओळी लिहा : कोणत्या शासन निर्णयातले कोणते कलम बदलायचे, किती युनिटना फायदा होईल, राज्याला वर्षाला किती खर्च येईल, आणि किती नोकऱ्या वाढतील. खर्चाचा आकडा टाळू नका, नाहीतर फाइल वित्त विभागात अडते. आणखी एक : परतावा राज्यातल्या पहिल्या विक्रीवरच्या राज्य जीएसटीशी जोडलेला असतो. तुमच्या कारखान्यांचा माल हैदराबाद किंवा बिदरकडे जात असेल, तर वाढीव टक्क्याचा त्यांना फारसा उपयोग नाही. आधी गावातल्या चाळीस-पन्नास युनिटची विक्री कुठे होते ते विचारून घ्या, आणि मगच टक्का मागायचा, की पाणी आणि ड्रायपोर्ट (समुद्रापासून दूर, मालाचे कंटेनर हाताळणारे केंद्र), ते ठरवा. बैठकीनंतर जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांना प्रत द्यायला विसरू नका. अहवाल शेवटी त्यांच्याकडूनच मागवला जातो.