सॅन्सला खलनायक केलं तर?

प्रश्न : ताई, मी ‘अंडरटेल’ गेममधल्या सॅन्सवर कथा लिहितो. नव्या कथेत तो क्रूर आहे, सख्ख्या भावाला, पपायरसला मारतो. मित्र म्हणतो, हा गेमचा निर्माता टोबी फॉक्स याचा अपमान आहे; पात्र त्याचं, ते बदलणारा तू कोण? काही वाचक तर पुस्तिका काढून विक म्हणतात. काय करू?
— बारावीतला एक वाचक

उत्तर : लिही. पात्र बदलल्याने अपमान होत नाही. ते कसं घडलंय हे न बघता बदललं, की होतो.

सॅन्सचंच बघ. २०१५ च्या या गेममध्ये तो चौकीवर झोपा काढतो, पाणचट कोट्या करतो, पपायरसची बोलणी खातो. पण बंद दारापलीकडच्या एका बाईला त्याने शब्द दिलाय : राक्षसांच्या या जगात कुणी माणूस आलाच, तर त्याला सांभाळेन. तो माणूस म्हणजे खेळणारा. म्हणून तो एकेकाचा जीव घेत सुटला, तरी सॅन्स शेवटच्या दालनापर्यंत थांबतो. तोवर पपायरसही गेलेला असतो. हल्ल्याची ताकद एक, बचावाची ताकद एक, असा हा सांगाडा (सॅन्स सांगाडाच आहे) मग वारामागून वार चुकवत राहतो, आणि त्याचा ‘खास हल्ला’ म्हणजे काय, तर काहीच न करणं! समोरच्याने कंटाळून खेळ सोडावा, एवढीच त्याची आशा. मला तो सगळा सामना त्याच्या थकव्यामुळे लक्षात राहिलाय.

आता सांग, तुझा सॅन्स भावावर हात उचलण्यापर्यंत कसा आला? तो शब्द कुठे मोडला? हे कथेत उतरलं, तर हवा तेवढा क्रूर कर. नुसता रक्तपातच हवा असेल, तर स्वतःचं पात्र घडव. मूळ निर्मात्याचं नाव मात्र कथेच्या वरच दे.

विक्रीचं वेगळं. त्यात निर्मात्याची मर्जी चालते. ‘तोहो’ या जपानी गेममालिकेचे निर्माते झुन चाहत्यांना भरपूर मोकळीक देतात, फक्त खेळांचे शेवट फोडू नका म्हणतात. उलट निन्टेन्डो कंपनीच्या ‘मेट्रॉइड २’ या गेमची एका चाहत्याने नव्याने केलेली आवृत्ती २०१६ मध्ये फुकट आली, तरी निन्टेन्डोने ती काही दिवसांतच उतरवायला लावली. तेव्हा ‘पैसे घेत नाही ना, मग चालतं’ हेही धरून चालू नकोस. फॉक्सने चाहत्यांसाठी काय नियम घातलेत ते आधी नीट वाच, शंका राहिली तर लेखी विचार, आणि होकार येईपर्यंत कुणाकडून आगाऊ पैसे घेऊ नकोस.