मित्र म्हणतात भारी, वापरत मात्र कोणी नाही

प्रश्न: गावच्या दूध संस्थेसाठी मी आणि एका मित्राने ॲप बनवलंय. रोजचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दहा दिवसांचं बिल, सगळं फोनवर दिसतं. कॉलेजमधल्या पोरांना दाखवलं, सगळे म्हणाले भारी झालंय. पण उत्पादक अजून सेक्रेटरींनाच फोन करतात. युजर टेस्टिंग करा, म्हणजे वापरणाऱ्यांच्या हातात ॲप देऊन बघा, म्हणतात सगळे, पण किती जणांवर आणि कसं? बजेट शून्य आहे.
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर: बजेट लागतच नाही हो, चहाचे पैसे सोडले तर. आणि त्या पोरांना विसरा, ज्याच्या गोठ्यात म्हैसच नाही त्याला बिलाची काय घाई, तो तुमचं तोंड बघून भारीच म्हणणार.

पाच जण घ्या. हा आकडा ॲप-वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणाऱ्या जेकब निल्सन यांचा, २००० सालापासून फिरतोय. त्यांच्या हिशोबात एका माणसामागे सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास आणि पुढे तेच तेच दिसायला लागतं. पण हे पाचही जण एकाच तऱ्हेचे असतील तरच. रोज दूध घालायला येणाऱ्या काकू वेगळ्या आणि पुण्यात बसून घरचं बिल बघणारा त्यांचा मुलगा वेगळा, मग दोन्हीकडचे तीन-चार घ्या.

फोन त्यांचाच हवा. अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात, त्यात 'एकूण देय रक्कम' अर्धीच दिसते आणि शेजारचं बटण स्क्रीनबाहेर जातं, तुमच्या फोनवर हे कळणारच नाही. 'बिलाचं बटण दाबा' म्हणालात तर पेपरच फोडलात, त्यापेक्षा 'या बिलाला किती पैसे येणार, पशुखाद्याचे किती कापले, बघून सांगा' एवढंच म्हणा, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा आणि गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड, अंगठा भलतीकडे गेला की आपले हात शिवशिवतात! काकूंनी 'हे दाबू का?' विचारलं तर उलट विचारा, 'दाबल्यावर काय होईल असं वाटतंय?' मित्राला फक्त लिहायला बसवा. 'आवडलं का' विचारूच नका, तोंडावर कोण नाही म्हणतंय.

सापडलेलं दुरुस्त करा, मग नवे पाच. एकदम पंधरा बसवण्यापेक्षा तीनदा पाच बरे, निल्सनही हेच सांगतात.

आणि बिलाच्या दिवशी सकाळी सेक्रेटरींजवळ बसून येणारे फोन ऐका. कदाचित बिल सगळ्यांना दिसतही असेल आणि फोन 'काल फॅट कमी का लागली' हे विचारायला येत असतील, ते विचारायची सोयच ॲपमध्ये नसेल तर बटणं कितीही सरळ केली तरी फोन चालूच राहणार.