ड्रिल मशीन, भिंतीतली वायर आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात भिंतीवर शेल्फ कसं लावायचं ते लिहिलं होतं, त्यावर जे प्रश्न आले ते बहुतेक सगळे ड्रिल मशीनचेच आहेत, म्हणजे बॅटरीचं नाही, आपलं नेहमीचं वायरवालं. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. पत्रं वाचताना एक जाणवलं, लोक फिरणाऱ्या बिटला घाबरतात, ते ठीकच आहे, पण प्लग, वायर आणि अर्थिंग याबद्दल फार कमी जण विचारतात. माझ्या मते आधी घाबरायचं ते तिथे.

पिंपरीहून एक ताई: नवीन फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर दोन शेल्फ लावायचेत. एवढ्याशा कामाला कारपेंटर येत नाही. मिस्टरांनी मशीन आणलं पण भिंतीत वायर निघाली तर काय, म्हणून ते खोक्यातच पडून आहे. वायर कुठे आहे ते कसं ओळखायचं?

ताई, आधी भिंतीच्या आत काय असतं ते बघू. कन्सील वायरिंग म्हणजे भिंतीला झिरी मारून त्यात पीव्हीसी पाईप बसवतात, पाईपातून वायरी ओढतात आणि वरून प्लास्टर. त्या पाईपावर प्लास्टर कधीकधी जेमतेम १०-१५ मिलीमीटर असतं आणि शेल्फच्या ८ मिलीमीटरच्या गिट्टीसाठी, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात ठोकतात त्या प्लास्टिकच्या नळीसाठी, भोक लागतं ४० ते ५० मिलीमीटर खोल. म्हणजे पाईप वाटेत असेल तर बिट त्यातून आरपार जाणारच, हात कितीही हलका ठेवा.

पाईप बहुतेक करून सरळ उभे जातात, स्लॅबमधून खाली बोर्डात, नाहीतर एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात सरळ आडवे. म्हणून स्विचबोर्ड, प्लग पॉइंट, एसी पॉइंट, भिंतीवरचा दिवा यांच्या बरोब्बर वर, बरोब्बर खाली आणि त्याच लेव्हलला डावी-उजवीकडे भोक पाडायचं नाही, दोन्ही बाजूंना निदान वीतभर जागा सोडायची. तुमची तर टीव्हीची भिंत आहे, तिथे जास्तच जपा, कारण खालच्या बोर्डापासून टीव्हीच्या मागेपर्यंत केबल न्यायला वेगळा पाईप टाकलेला असू शकतो आणि टीव्ही लावल्यावर तो बॉक्स दिसतही नाही. भिंतीच्या पलीकडे बाथरूम किंवा किचनचं सिंक असेल तर पाण्याचे पाईपही धरून चाला.

पण सगळेच इलेक्ट्रिशियन हा नियम पाळतात असं नाही, वायर वाचवायला तिरपी झिरी मारलेलीही सापडते. म्हणून दुसरी खात्री करून घ्या. प्लास्टर किंवा पेंट व्हायच्या आधीचे फोटो कुणाकडे असतील तर मागवा. वायर शोधायचा डिटेक्टर मिळतो तो फिरवून बघा, पण लाईट चालू असताना, कारण करंट ओळखणारा डिटेक्टर मेलेल्या वायरीवर गप्प बसतो, शिवाय ओल्या भिंतीवर आणि सळईपाशी तो गोंधळतो त्यामुळे फक्त त्याच्यावर विसंबू नका. मग सगळ्यात महत्त्वाचं, हॉलचे एमसीबी, म्हणजे मेन बोर्डवरचे आपोआप पडणारे स्विच, खाली करा, लाईटचाही आणि पॉवरचाही, हॉलमधला दिवा आणि टीव्हीचा पॉइंट खरंच बंद झाले का ते बघा, आणि मशीनला लाईट दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शनने घ्या. इतकं केलं की चुकून वायर लागलीच तरी ती बहुधा मेलेली असेल. बहुधा म्हणतो कारण शेजारच्या खोलीची वायरही त्याच भिंतीतून गेलेली असू शकते.

ड्रिल मारताना मशीन प्लास्टिकच्या मुठीवरच धरायचं. बिट आवळून धरणारा पुढचा चक लोखंडी असतो, बिट जिवंत वायरीला लागला तर तो चकही जिवंत होऊ शकतो. ठिणगी उडाली, एमसीबी पडला, किंवा भोकातून पांढऱ्या-लाल भुकटीऐवजी प्लास्टिकचा किस यायला लागला तर ट्रिगर सोडा, चकला हात लावू नका, मेन बंद करा, मगच बिट बाहेर काढा. आणि त्यावर पुट्टी भरून झाकू नका हो, इलेक्ट्रिशियनला बोलवून ती वायर बदलून घ्या. नुसती सोललेली वायर आज कदाचित काही करणार नाही, पावसाळ्यात भिंत ओली झाली की करेल.

चिपळूणहून एक वाचक: वडिलांचं जुनं ड्रिल मशीन आहे, बॉडी पूर्ण धातूची. काम छान करतं पण पावसाळ्यात हाताला झिणझिण्या येतात. चप्पल घालून मारलं की येत नाहीत. एमसीबी बसवलेला आहे, मग चालेल ना?

नाही दादा, आजपासून ते वापरू नका. झिणझिण्या येतात याचा अर्थ आतला करंट बॉडीवर येतोय, आणि चप्पल घातल्यावर थांबतात याचा अर्थ तो तुमच्यातून जमिनीत जात होता. चप्पल ओली झाली, किंवा दुसऱ्या हाताने नळ धरला, की त्याला परत वाट मिळाली.

एमसीबीचं काम वेगळं आहे. तो वायरिंगला ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटपासून वाचवतो, माणसाला नाही. हिशोब बघा, ६०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर साधारण २.६ अँपिअर घेतं आणि तुमचा एमसीबी असेल ६ किंवा १६ अँपिअरचा. माणसाच्या हाताचे स्नायू साधारण १० मिलीअँपिअरच्या आसपास आखडायला लागतात, मग धरलेली वस्तू सोडता येत नाही. म्हणजे एका अँपिअरचा शंभरावा भाग. एवढ्याशा करंटने एमसीबी हलणारसुद्धा नाही. त्यासाठी लागतो आरसीसीबी, ३० मिलीअँपिअरचा. आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात फरक पडला की तो क्षणात लाईट तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा, पडला नाही तर बदला. तुमच्याकडे जांभ्याच्या भिंती आहेत, पावसात त्या ओल धरतात, त्यामुळे तुम्ही तर हा खर्च सगळ्यात आधी करा. पण तो बसवला म्हणून कुणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर वाचेल असं नाही, तिथे त्याला फरक दिसतच नाही.

आता मशीनचं. धातूच्या बॉडीच्या मशीनला तीन पिनांचा प्लग आणि खरं अर्थिंग लागतंच. बऱ्याच घरांत त्या जुन्या मशीनचा जाड अर्थ पिन सॉकेटमध्ये जात नाही म्हणून कापलेला असतो, नाहीतर प्लगच काढून टाकलेला असतो आणि उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून माचिसच्या काड्या खोचतात. असं काही असेल तर तेही आजच बंद. हल्लीच्या मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, ते डबल इन्सुलेशनचं, त्याला दोनच पिना असतात आणि ते बरोबर आहे, तिथे तिसरी पिन जोडत बसू नका. वडिलांचं मशीन ठेवायचं असेल तर चांगल्या वाइंडिंगवाल्याकडे नेऊन इन्सुलेशन तपासून घ्या. तो नाही म्हणाला तर कपाटात आठवण म्हणून ठेवा, पण प्लग कापून ठेवा म्हणजे कुणी चुकून लावणार नाही.

नाशिकहून एक काकू: हातमोजे घालावेत का?

नाही काकू, ड्रिल चालू असताना ते दोऱ्याचे, कापडी मोजे नकोच. बिटला एक धागा अडकला की बोट आत ओढलं जातं. तीच गोष्ट पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस आणि लोंबणारं मंगळसूत्र यांची, पदर खोचा, केस बांधा, गळ्यातलं आत घाला. घालायचाच असेल तर डोळ्यांवर गॉगल घाला, साधा चष्मा बाजूने उघडा असतो. सिमेंटची धूळ छातीत जाते म्हणून मास्कही लावा.

ठाण्याहून एक वाचक: आमचा टॉवर माईवानचा आहे, सगळ्या भिंती काँक्रीटच्या. ड्रिल मध्येच अडकलं आणि अख्खं मशीनच फिरलं, मनगट अजून दुखतंय. जोर कमी पडतोय का?

जोर जास्त पडतोय. माईवानमध्ये विटा नसतातच, ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, आत सळयांची जाळी असते. बिट सळईला लागला की थांबतो, मोटर मात्र फिरत राहते, मग बिटाऐवजी मशीन फिरतं आणि मशीनबरोबर तुमचा हात. मनगट आठवड्यात बरं झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा, उगाच मलम चोळत बसू नका.

पुढच्या वेळी बाजूचं हँडल लावल्याशिवाय सुरूच करू नका. खोक्यात येतं ते, आणि खूप जण ते काढून ठेवतात कारण अडचण वाटते. दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात मशीनवर, आणि ट्रिगर लॉक करायचं बटण अजिबात दाबायचं नाही, म्हणजे हात निसटला की मशीन आपोआप थांबेल. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली ट्रिगर ही रचना ब्लॅक अँड डेकरने १९१७ साली पेटंट केली, तेव्हापासून आजवर टिकली आहे, कारण बोट सुटलं की मशीन थांबतं. लॉक लावून तुम्ही नेमका तोच फायदा घालवता.

आवाज बदलला, भुकटी यायची थांबली, बिट पुढे जाईना, की समजा सळई लागली. थांबा आणि दोन-तीन सेंटीमीटर बाजूला नवीन भोक घ्या. सळई कापत बसायची नाही, ती भिंत बिल्डिंगचं वजन पेलते. काँक्रीटमध्ये साधं हॅमर मोडचं, म्हणजे फिरता फिरता ठोके मारणारं, मशीन तसं दमतंच, जास्त भोकं पाडायची असतील तर एसडीएस बिटचं (चावी न लागता खाचेत अडकणारा बिट) रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणा, त्यात बिट अडकला की क्लच सुटतो. पण क्लच असला तरी झटका बसतोच, त्यामुळे घोड्यावर (दुपाखी शिडीवर) किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर चढून हे काम करू नका.

जालन्याहून एक विद्यार्थी: आमच्याकडे लाईट फार जाते. ड्रिल चालू असताना गेली तर काही धोका आहे का?

हा प्रश्न विचारलास ते फार चांगलं केलंस, कारण पुस्तकात हे कुणी लिहीत नाही. लाईट जाते, मशीन थांबतं, आपण ते तसंच टेबलावर ठेवतो आणि चहा प्यायला जातो. ट्रिगर लॉकमध्ये राहिलेला असतो हे लक्षात येत नाही. अर्ध्या तासाने लाईट येते आणि मशीन रिकाम्या टेबलावर स्वतःच सुरू होऊन उड्या मारत खाली पडतं, नाहीतर तेवढ्यात कुणीतरी बिट बदलायला हातात घेतलेलं असतं. म्हणून लाईट गेली की पहिलं काम प्लग काढणं, बटण बंद करणं नाही, प्लग काढणं. आणि प्लग परत लावायच्या आधी ट्रिगर एकदा दाबून सोड, लॉक असेल तर सुटेल.

बिट बदलताना, चक घट्ट करताना, मोटरचे कार्बन ब्रश बघताना, प्रत्येक वेळी हेच. चकची चावी प्लगाजवळच्या वायरीला बांधून ठेव, म्हणजे प्लग काढल्याशिवाय ती चकपर्यंत पोचतच नाही. आणि एक्स्टेन्शन रीळवालं असेल तर पूर्ण उलगड, गुंडाळलेली वायर तापते.

म्हापशाहून एक ताई: बाथरूमच्या टाइलला भोक पाडताना टाइल फुटते.

हॅमर मोड बंद ठेवा, सगळी टाइल आरपार होईपर्यंत. खुणेवर मास्किंग टेप लावा म्हणजे बिट घसरत नाही, टाइलचा भाल्यासारख्या टोकाचा बिट घ्या आणि हळू फिरवा. आत भिंत लागली की सिमेंटचा बिट लावून मग हॅमर. बिट तापला तर थांबून गार होऊ द्या, पण भिंतीवर मगाने पाणी ओतू नका, ते मशीनच्या जाळीतून आत जातं. फरशी पुसून कोरडी करा आणि गीझरचा एमसीबी आधी बंद करा.

सांगलीहून एक बाबा: मुलगी तेरा वर्षांची आहे, ड्रिल शिकायचं म्हणते. शिकवू का?

शिकवा ना, समोर उभं राहून शिकवा. भिंतीपासून सुरुवात करू नका. आधी प्लग न लावता मशीन हातात द्या, बिट चकच्या मधोमध बसवायला आणि तिन्ही भोकांतून चावीने आवळायला शिकू दे, रिव्हर्सचं बटण मोटर पूर्ण थांबल्यावरच बदलायचं हे तेव्हाच सांगा. मग एक लाकडी फळी, ती हाताने धरायची नाही, सी-क्लॅम्पने टेबलाला आवळायची आणि खाली एक फालतू फळी ठेवायची. हॅमर बंद, ५ मिलीमीटरचा लाकडाचा बिट, बिटवर खोलीच्या खुणेला टेप. गॉगल तिलाही आणि तुम्हालाही. पत्र्याच्या तुकड्यावर तिला इतक्यात हात लावू देऊ नका, पातळ पत्रा बिटाबरोबर गरगर फिरतो आणि पात्यासारखा कापतो, तो क्लॅम्प कसा करायचा ते वेगळं शिकवावं लागतं. आणि मशीन ४ किलोचं रोटरी हॅमर असेल तर नको, १० मिलीमीटर चकचं लहान मशीन तिच्या हाताला बरं.