चीडाचं (हिमालयातल्या पाईनचं) लाकूड उन्हापावसात टिकवायचं कसं?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही मूळचे साताऱ्याचे पण आता उत्तराखंडात रानीखेतजवळ राहतो. घरापुढे व्हरांड्याचं रेलिंग, एक बाक आणि बागेला कुंपणाचे खांब असं सगळं इथल्याच चीडाच्या लाकडात करायचंय. लाकूड नुकतंच चिरून आलंय, अजून ओलं आहे. मिस्त्री म्हणतो जळकं ऑईल मारा नाहीतर वरून व्हार्निश द्या, काही होत नाही. खरंच चालेल का?

उत्तर : ताई, दोन्ही नको. व्हार्निश उन्हाने तडकतं, त्या भेगांतून पाणी आत जातं आणि सुकायला वाट मिळत नाही, मग वरून चकाचक दिसणारं लाकूड आतून कुजत जातं. जळकं ऑईल तर वरवरच राहतं आणि त्यातली घाण पावसाबरोबर तुमच्याच बागेच्या मातीत उतरते, हात टेकायच्या रेलिंगला आणि बाकाला तर लावूच नका.

चीड देवदारासारखं स्वतःच्या जोरावर टिकत नाही हे खरं, पण त्याचा कडेचा पांढरट भाग औषध मस्त पितो (गाभा तेवढा पीत नाही). पूर्वी रेल्वे चीडाचे स्लीपर क्रिओसोट (डांबरापासून काढलेलं तेल) पाजूनच रुळांखाली घालायची. आणि तुमचं लाकूड अजून ओलं आहे ही चांगली गोष्ट आहे, कारण टाकणखार आणि बोरिक पावडर ओल्या लाकडातच आतवर झिरपतात.

आधी सगळं मापात कापून घ्या, खाचा आणि स्क्रूची भोकंसुद्धा आधीच पाडा, कारण औषध दिल्यावर कापलं की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. मग 10 लिटर गरम पाण्यात 600 ग्रॅम टाकणखार आणि 400 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा (तिकडच्या दुकानात टाकणखार सुहागा म्हणून मागा), लाकूड त्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि बाहेर काढलं की न सुकवता प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. इंचभर जाडीच्या फळीला साधारण चार आठवडे द्या, जाड लाकडाला त्याहून बरेच जास्त. इथे घाई केली तर औषध वरच्या थरातच राहतं. हातमोजे घाला आणि मिश्रण पोरांपासून, जनावरांपासून लांब ठेवा.

नंतर सावलीत, मध्ये पट्ट्या घालून थप्पी लावा म्हणजे सगळीकडून वारा लागेल. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली टिकला तर बुरशीला जगता येत नाही. पूर्ण वाळलं की रंगद्रव्य असलेला तेलाचा वुड स्टेन द्या, बिनरंगी नको, कारण उन्हापासून वाचवतो तो रंगच. हा हात द्यायलाच लागतो कारण टाकणखार पाण्यात विरघळणारा, उघड्या पावसात हळूहळू धुऊन जातो, त्यामुळे स्टेन फिका दिसला की परत मारायचा. कापलेल्या टोकांना जास्त पाजा, पाणी सगळ्यात आधी तिथूनच शिरतं. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.

कुंपणाच्या खांबांचं वेगळं आहे. मातीत गाडलेल्या लाकडाला टाकणखार पुरत नाही, तिथे तांब्याचं औषध प्रेशरने बंद टाकीत भरलेलं लाकूड लागतं. त्यातलं सीसीए (तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण) हे औषध 1933 साली सोंटी कामेसन यांनी तुमच्याच राज्यात, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधलं, पुढे जगभर वापरलं गेलं, पण त्यात आर्सेनिक असतं. म्हणून आर्सेनिकऐवजी बोरॉन असलेलं सीसीबी प्रेशरने देणारं कुणी मिळतंय का बघा. मिळालं तर स्क्रू गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचे लावा, साधं लोखंड त्या तांब्याने गंजतं, आणि उरलेले तुकडे चुलीत घालू नका. नाहीच मिळालं तर खांब गाडूच नका, काँक्रीटमध्ये जीआयचा पाय बसवून लाकूड जमिनीपासून चार इंच वर ठेवा आणि खांबाचा माथा तिरका कापा म्हणजे पाणी साचणार नाही. खरं सांगू, औषध मिळालं तरी मी हेच करीन.

प्रश्न : चिंचवडला भंगारात पॅकिंगचं पाईन स्वस्त मिळतं, त्यावर एचटी असा शिक्का असतो. म्हणजे ट्रीटेड आहे ना, गच्चीवर कुंड्यांचा स्टँड करू का?

उत्तर : स्टँड करा, पण शिक्क्याच्या भरवशावर नको. एचटी म्हणजे लाकडाचा गाभा 56 अंशाला 30 मिनिटं तापवलाय, परदेशातून येताना किडे येऊ नयेत म्हणून. त्याने आतले किडे मरतात, उद्याची वाळवी आणि बुरशी अडत नाही. एमबी शिक्का असेल तर ते मिथाईल ब्रोमाइडच्या धुरीचं, ते घेऊच नका. हे लाकूड वाळलेलं असतं, म्हणून आधी पाण्यात चांगलं भिजवा मगच टाकणखाराचं वरचं सगळं करा. पायांखाली रबरी बूच लावा आणि कुंड्यांखाली ताटल्या ठेवा, गच्चीवर लाकूड पावसाइतकंच रोजच्या झारीच्या पाण्याने कुजतं.