केनियातल्या मसाई माराच्या सफारीला आपण भरलेल्या पैशातलं तिथल्या मसाई लोकांना काही मिळतं का?

मिळतं, पण किती ते तुमचा तंबू कोणाच्या जमिनीवर आहे त्यावर ठरतं. मी नोकरीनिमित्त नैरोबीत असतो. देशातून पाहुणे आले की मारा ठरलेलंच, आणि हा प्रश्न गाडीत निघतोच.

राखीव क्षेत्राच्या फाटकावर परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबरात दिवसाला 200 डॉलर मोजावे लागतात. ते सरकारी तिजोरीत जातात. शेजारच्या गुराख्यापर्यंत त्यातलं काय झिरपतं, याबद्दल फार आशा बाळगू नका.

खरी गंमत फाटकाबाहेर आहे. उत्तरेला आणि पूर्वेला ओल किन्येई, नाबोईशो, मारा नॉर्थ अशा कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे मसाईंच्या स्वतःच्या जमिनींवर राखलेली रानं, आहेत. ही जमीन पूर्वी सामायिक होती, मग वाटण्या होऊन एकेकाच्या नावावर झाली. 2005 पासून शेजारशेजारच्या मालकांनी आपले तुकडे एकत्र करून सफारी कंपन्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. एकरी ठरलेलं भाडं, पर्यटक येवोत न येवोत. बदल्यात घरं हलवायची, कुंपण घालायचं नाही आणि गुरं आळीपाळीने ठरलेल्या पट्ट्यातच चारायची. चराई पूर्ण बंद केली नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. गुरांनी आखूड केलेल्या गवतावर झेब्रे, गॅझेल हटकून येतात; कोवळा फुटवा मिळतो आणि सिंह लांबून दिसतो.

सगळं गोडच आहे असं नाही. जमीन बहुतेक पुरुषांच्या नावावर. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला भाडं शून्य, चराई मात्र त्याचीही आटली. 2020 मध्ये विमानं थांबली तेव्हा ते 'ठरलेलं' भाडंही बऱ्याच ठिकाणी कापलं गेलं.

शिवाय सिंह आहेच. रात्री तो गुरांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणाबाहेर नुसता घुटमळला तरी वासाने गुरं बिथरतात, स्वतःच कुंपण मोडून बाहेर पडतात आणि आयती सापडतात. नुकसानभरपाई 2013 च्या कायद्यात आहे, पण पैसे हातात पडेपर्यंत वर्षं जातात. म्हणून हल्ली काट्यांच्या जागी खांब रोवून जाळी लावतात. काही जण लुकलुकणारे दिवे बसवतात. ते रिचर्ड तुरेरे नावाच्या मसाई मुलाने शाळकरी वयात, नैरोबी नॅशनल पार्कच्या कडेला राहत असताना, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा भाग वापरून बनवले होते.

बुकिंग करताना एवढंच विचारा: कॅम्प राखीव क्षेत्रात, फाटकाबाहेर की कॉन्झर्व्हन्सीत? स्वस्त पॅकेजं बहुधा तालेक किंवा सेकेनानी फाटकाबाहेर उतरवतात. कॉन्झर्व्हन्सी महाग पडते, पण एका सिंहाभोवती वीस गाड्यांचा गराडाही नसतो. बजेट नसेल तर मण्यांचे दागिने थेट बायकांच्या हातात पैसे देऊन घ्या, आणि गावभेटीची फी ड्रायव्हरकडे देऊ नका. त्यातली बरीचशी वाटेतच राहते.